सहा महिन्यांचा रकाना

माझं नाव सेंगा.
ॲग्नेसची इंग्रजी अक्षरं शेवटाकडून वाचली की सेंगा होतं.
आत्याचं नाव तर ठेवायचं, पण आत्या नको,
असा आईने काढलेला तोडगा.
ग्लासगोत अशा उलट्या बायका बऱ्याच सापडतील.

इस्पितळाच्या तळघरात मी कार्डांना भोकं पाडते.
वरून फॉर्म येतात. नाव नसतं, क्रमांक असतो.
डोळे : हाकेला उघडले तर तीन,
कळ लावल्यावर दोन,
उघडलेच नाहीत तर एक.
बोलणं, हालचाल, तेही असंच.
शून्य का नाही, मी एकदा विचारलं.
डॉक्टर म्हणाले, नाही.
मेलेल्यालाही तिन्ही मिळून तीन मिळतात.

मग बाहुल्या. विजेरीच्या उजेडाला
लाजणाऱ्या, न लाजणाऱ्या.
शेवटचा रकाना सहा महिने कोरा.

एका बुधवारी फॉर्म आला :
वय एकोणीस, पुरुष, गोदीत परांचीवरून पडला,
मंगळवार, दुपारी साडेचार.
क्रमांकाआड कुणी लपत नाही.
समोरच्या दारातला डूगल,
एफी डनाखीचा,
जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या गाळत उतरणारा.
डोळे एक. बोलणं एक. हालचाल दोन :
कळ लावली की हात ताठ होऊन आत वळतात.
डावी बाहुली सताड उघडी.

दोनच्या जागी तीन पाडायला
कितीसा जोर लागतो?
दोनच्या खाली तीन, बोटभरसुद्धा नाही.
बोट त्या कळीवर ठेवलंही.
मग वाटलं, हे कार्ड त्याला कुठे पोचणार आहे.
ते पोचणार पुढच्या कुणाला तरी,
ज्याची आई अजून बाजारात बटाटे निवडतेय.
मी दोनच पाडलं.

घरी आले तर एफी जिना धूत होती.
आठवडा तिचाच होता.
पायऱ्यांच्या कडांना पांढरी माती लावता लावता म्हणाली,
तू तिथे असतेस ना. काय म्हणतं तुमचं यंत्र?

यंत्र म्हणत होतं : असे शंभर घेतले
तर सहा महिन्यांनी सातजण
आपल्या हाताने जेवत असतील.
मी म्हटलं, एफी, ते सातजण कोण
ते त्याला माहीत नसतं.
तिने फडकं पिळलं.
मग शंभर कशाला मोजता, म्हणाली,
माझा एकच आहे.

त्या हिवाळ्यात ती रोज दोन बस बदलून जायची.
त्याला पगाराचे दर सांगायची, फुटबॉलचे गोल,
कुणाच्या मांजरीला किती पिल्लं झाली ते.
मी फॉर्म चाळायचे. एक. एक. दोन.
एक. एक. तीन.
तीन!
ओल्या कोटासकट मी जिना चढले आणि तिच्या दाराशी
थांबले. सांगितलं नाही.
तीनवर थांबलेले किती पाहिले होते मी.

सहा महिन्यांचा फॉर्म आला तेव्हा
डूगल खिडकीपाशी खुर्चीत होता.
बटाट्याला ‘तो गोल’ म्हणायचा,
भलत्याच ठिकाणी हसायचा,
बहिणीचं नाव आईला द्यायचा.
माझा परत आला, एफी सगळ्यांना सांगत होती.
डॉक्टरांनी लिहिलं होतं : तीन. तीव्र अपंगत्व.
दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं,
आणि रकान्यात एकच भोक बसतं.

जूनमध्ये त्याच्या बहिणीचं लग्न.
आमच्याकडे बापाने गाडी निघताना
खिडकीतून सुटे पैसे उधळायचे असतात.
पोरं तुटून पडली.
एक पेनी घरंगळत डूगलच्या बुटाशी थांबली.
तो वाकला. आंगठा आणि बोट
एकमेकांना सापडेनात.
पुन्हा. नाणं दगडावर सरकलं.
पुन्हा.
एफी पुढे झाली नाही.
गुडघे खरचटलेलं एक पोरगं,
मुठी गच्च भरलेलं,
त्या पेनीकडे बघत नुसतं उभं राहिलं,
पाय न हलवता,
वाट बघत.